वर्गातला हशा : व्यंगचित्रकार ऑलिव्हर हॅरिंग्टन

अमेरिकेतील शाळांमधले वर्णविभाजन कसे मोडले गेले हे मुलांना शिकवावयाचे झाले, म्हणजे शिक्षकाच्या हाताशी प्रथम येतात ती न्यायालयाची निकालपत्रे. १७ मे १९५४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला, की सार्वजनिक शाळांत गोऱ्या आणि काळ्या मुलांना वेगवेगळे ठेवणे घटनेतील समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे. वेगळ्या पण समान सोयी दिल्या म्हणजे समतेला बाध येत नाही, हा १८९६ पासून चालत आलेला दंडक शिक्षणाच्या क्षेत्रापुरता त्या दिवशी मोडीत निघाला. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाला निकालपत्राची भाषा पचत नाही. त्याला चित्र लागते. म्हणून तेथील अनेक शिक्षक या विषयाच्या पाठांत वृत्तपत्रीय व्यंगचित्रांचा उपयोग करतात. वॉशिंग्टन पोस्टचे हर्बर्ट ब्लॉक यांचे १९६२ मधील एक चित्र या दृष्टीने प्रसिद्ध आहे. निकालाच्या दिवशी जन्मलेले मूल आठ वर्षांचे झाले, आणि तरी निकालाची अंमलबजावणी व्हावयाचीच आहे, एवढेच ते चित्र सांगते.

ब्लॉक यांची चित्रे उत्तम आहेत, यात वाद नाही. तथापि ती एका सहृदय गोऱ्या माणसाने बाहेरून पाहून काढलेली आहेत. ज्याला स्वतःला वर्गात उभे करून हसविले गेले, त्या मुलाने पुढे हाती कुंचला घेतला तर तो काय काढील, हे पाहावयाचे असेल तर ऑलिव्हर वेंडेल हॅरिंग्टन या कृष्णवर्णीय व्यंगचित्रकाराच्या आयुष्याकडे वळावे लागते. लँग्स्टन ह्यूज यांच्यासारख्या थोर कवीने ज्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, त्या कलावंताचा आपल्याकडील वाचकांस फारसा परिचय नाही. हे चरित्र येथे सांगण्याचे प्रयोजन एवढेच.

हॅरिंग्टन यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९१२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील व्हॅलहॅला या लहानशा गावी झाला. पाच भावंडांत ते थोरले. वडील नॉर्थ कॅरोलायनाकडून उत्तरेत कामासाठी आलेले कृष्णवर्णीय मजूर, तर आई हंगेरीतील बुडापेस्टहून आलेली ज्यू स्त्री. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला वर्ण म्हणजे काय, याचे उत्तर घरात मिळणे कठीणच होते. ते उत्तर त्याला शाळेने दिले.

ऑलिव्हर सात वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्क शहराच्या साउथ ब्राँक्स भागात राहावयास आले. इटली, पोलंड, आयर्लंड, रशिया अशा नाना देशांतून आलेल्या गरीब माणसांची ती वस्ती. न्यूयॉर्क शहराच्या शाळांत मुलांना वर्णावरून वेगळे बसविण्याचा नियम त्या काळी नव्हता. ऑलिव्हरच्या वर्गात त्याच्याखेरीज आणखी एकच काळा मुलगा होता. सहाव्या इयत्तेत असताना एके दिवशी शिक्षिकेने या दोघांना वर्गापुढे बोलावून उभे केले. मग कोपऱ्यातील केराच्या टोपलीकडे बोट दाखवून तिने वर्गाला सांगितले, की या दोघांची जागा तेथे आहे. सारा वर्ग खो खो हसला.

अर्जाला केराची टोपली दाखविली, असे आपण मराठीत सहज बोलून जातो. येथे अर्ज नव्हता. तेथे दोन मुले उभी होती. या प्रसंगाचे स्मरण हॅरिंग्टन यांनी उतारवयात स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि ते वाचताना एक गोष्ट मनाला विशेष लागते. शिक्षिकेच्या वाक्यापेक्षा वर्गाच्या हशाचा घाव त्यांच्या मनात अधिक खोल गेलेला दिसतो. वाक्य एका व्यक्तीचे होते. हशा मात्र रोज ज्यांच्याबरोबर खेळावयाचे त्या सोबत्यांचा होता. या मुलांचे आईबापही परदेशांतून आलेले, गरीब, इंग्रजी नीट न बोलणारे. आपण या देशाचे झालो, ही खूण पटविण्यासाठी त्यांना कोणाला तरी हसणे भाग होते, आणि शिक्षिकेने तो कोणीतरी त्यांच्यापुढे उभा केला होता.

ऑलिव्हरने उत्तर दिले ते वहीत. त्याने त्या शिक्षिकेची चित्रे काढावयास आरंभ केला. एका चित्रात ती वस्तीतल्या खाटकाच्या खिमा करण्याच्या यंत्रात कोंबली जात आहे, तर दुसऱ्यात आणखी कोणत्या संकटात सापडली आहे. रागाची ही वाट बालसुलभ आणि क्रूर होती, हे खरे. पण चित्र काढता काढता मन हलके होते, इतकेच नव्हे तर हसू येते, हा शोध त्याला लागला. ज्या शस्त्राने त्याला जखम झाली होती त्याच शस्त्राची मूठ आता त्याच्या हाती आली. आपण व्यंगचित्रकार झालो ते त्या वर्गामुळे, असे त्यांनी पुढे मानले. कृतज्ञता मात्र त्यांनी कोठेही व्यक्त केलेली नाही, आणि तसे करण्याचे कारणही नव्हते.

१९२९ साली डेविट क्लिंटन हायस्कुलातून उत्तीर्ण होऊन ते हार्लेममध्ये आले. त्याच वर्षी महामंदी कोसळली. हार्लेम हे काळ्या अमेरिकेचे सांस्कृतिक केंद्र खरे, पण त्या मंदीत तेथील घरांची भाडी चढती आणि कामे उतरती होती. नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनमध्ये चित्रकलेचे शिक्षण, मिळेल ते काम, आणि वृत्तपत्रांना चित्रे विकणे, असा त्यांचा क्रम चालला. १९३५ साली अ‍ॅमस्टरडॅम न्यूज या हार्लेममधील साप्ताहिकात त्यांचे 'डार्क लाफ्टर' हे सदर सुरू झाले. त्यातच बूट्सी हे पात्र अवतरले. पुढे येल विद्यापीठातून १९४० मध्ये त्यांनी ललितकलेची पदवी घेतली, पण त्यांना ओळख मिळाली ती बूट्सीमुळे.

हा बूट्सी म्हणजे हार्लेममधला एक गोलमटोल, मध्यमवयीन, फारसे काही न करणारा गृहस्थ. तो क्रांतिकारक नाही, पुढारी नाही, हुतात्मा तर नाहीच. उधारी चुकवितो, आगाऊपणा करतो, फजीत होतो. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाला मनात आणले तर बूट्सीच्या जातकुळीची थोडीफार कल्पना यावी. मात्र चिमणराव घरातून बाहेर पडतो तेव्हा रस्त्यावरचा शिपाई त्याला विनाकारण सोटा हाणीत नाही. हॅरिंग्टन एकच चौकट काढीत आणि तिच्याखाली हार्लेमच्या बोलीतले एखादे वाक्य देत. पुष्कळदा त्या चौकटीत बूट्सी स्वतः नसेच. त्याच्याविषयी कोणीतरी बोलत असे. चित्रे मात्र उथळ रेषांची नव्हती. खडूच्या दाट छटांनी उभ्या केलेल्या त्या खोल्या, जिने, गल्ल्या पाहिल्या म्हणजे हा माणूस चित्रकलेत मुरलेला होता हे समजते.

ही चित्रे कोणासाठी होती हेही ध्यानात घेतले पाहिजे. अ‍ॅमस्टरडॅम न्यूज, पिट्सबर्ग कुरिअर, शिकागो डिफेंडर ही काळ्या वाचकांची, काळ्या संपादकांची वृत्तपत्रे. त्यांतील कुरिअरचा खप १९४० च्या दशकात साडेतीन लाखांच्या आसपास पोचला होता, आणि आगगाड्यांवरील काळे नोकर त्याचे गठ्ठे दक्षिणेतील गावोगाव पोचवीत. गोऱ्या माणसाला समजावून सांगण्याची जबाबदारी येथे चित्रकारावर नव्हती. आपल्या माणसांनी आपल्याच परिस्थितीला हसावे आणि हसताना ती ओळखावी, एवढाच उद्देश होता. वर्गातल्या हशाची दिशा येथे प्रथम बदलली.

दुसऱ्या महायुद्धात पिट्सबर्ग कुरिअरचे वार्ताहर म्हणून हॅरिंग्टन इटलीच्या आघाडीवर गेले. अमेरिकेचे सैन्यही तेव्हा वर्णावर विभागलेले होते. अलाबामातील टस्कीगी येथे शिकलेल्या काळ्या वैमानिकांची स्वतंत्र तुकडी होती आणि तिची हकीगत कुरिअरचे वाचक आतुरतेने वाचत. याच काळात त्यांची गाठ वॉल्टर व्हाइट यांच्याशी पडली. व्हाइट हे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे प्रमुख होते. युद्ध संपल्यावर त्यांच्या आग्रहावरून हॅरिंग्टन यांनी त्या संघटनेच्या प्रसिद्धी विभागाचे काम हाती घेतले.

हे काम त्यांनी फार दिवस केले नाही. १९४७ मध्ये ते तेथून बाहेर पडले. परंतु १९४६ हे त्यांच्या आयुष्यातले असे वर्ष आहे, की ज्याचा धागा पुढे थेट शाळांच्या निकालापर्यंत जातो. त्या वर्षी १२ फेब्रुवारीला आयझॅक वुडर्ड हा सैन्यातून नुकताच मुक्त झालेला काळा सैनिक बसने घरी जात असता साउथ कॅरोलायनात बसचालकाशी त्याची बोलाचाली झाली. पोलिसांनी त्याला खाली उतरवून इतके मारले, की त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. अंगावर सैनिकी गणवेश होता. ही हकीगत देशभर पोचविण्याचे काम संघटनेच्या प्रसिद्धी विभागाने, म्हणजे मुख्यत्वे हॅरिंग्टन यांनी केले. नट व दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणांतून ती आठवड्यामागून आठवडे लावून धरली. बोभाटा झाला म्हणूनच संघराज्य सरकारला त्या पोलीस अधिकाऱ्यावर खटला भरावा लागला. नोव्हेंबर १९४६ मध्ये संपूर्ण गोऱ्या पंचांनी त्याला निर्दोष सोडले.

खटला हरला, पण त्या न्यायासनावर बसलेला माणूस त्या दिवशी बदलला. जे. वेटीज वेअरिंग हे चार्ल्स्टनच्या जुन्या गोऱ्या घराण्यातले न्यायाधीश. आपल्या न्यायालयात काय घडले हे त्यांनी पाहिले आणि ते त्यांना विसरता आले नाही. पुढे त्याच राज्यातील क्लॅरंडन परगण्यातील पालकांचा दावा त्यांच्यापुढे आला. तेथे गोऱ्या मुलांसाठी शाळेच्या तीस बसगाड्या होत्या आणि काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. पालकांनी मागणी आरंभली ती एका बसपासून. १९५१ मध्ये तिघा न्यायाधीशांपैकी दोघांनी विभाजन कायम ठेवले, तर वेअरिंग यांनी भिन्नमतपत्रिकेत विभाजन हीच स्वतः विषमता आहे असे प्रतिपादन केले. हा दावा पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या पाच दाव्यांपैकी एक ठरला, आणि वेअरिंग यांचाच विचार १९५४ मध्ये देशाचा कायदा झाला. प्रसिद्धी खात्यात बसून पत्रके काढणाऱ्या व्यंगचित्रकाराला याचे श्रेय द्यावे असे मी म्हणत नाही. परंतु आंधळ्या केलेल्या सैनिकाची वार्ता त्या वर्षी दाबली गेली असती तर तो खटला वेअरिंग यांच्यापुढे आलाच नसता, हेही तितकेच खरे.

त्याच १९४६ साली न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यूनने भरविलेल्या एका परिसंवादात हॅरिंग्टन यांचा सामना अमेरिकेचे महान्यायवादी टॉम क्लार्क यांच्याशी झाला. जमावाने काळ्या माणसांचे खून पाडण्याचे प्रकार तेव्हा चालूच होते. गुन्हेगार सापडत कसे नाहीत, असे हॅरिंग्टन यांनी भर सभेत विचारले. क्लार्क अडचणीत आले. इतिहासाची गंमत अशी, की हेच क्लार्क १९४९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि शाळांच्या निकालावर सही करणाऱ्या नऊ जणांत ते होते.

येथे आपल्याकडील एका योगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. याच १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. डुबॉइस तेव्हा हॅरिंग्टन यांच्याच संघटनेत काम करीत होते. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसलेले मूल आणि ब्राँक्सच्या शाळेत केराच्या टोपलीपाशी उभे केलेले मूल यांची गाठ कधी पडली नाही. पण दोघांचा प्रश्न एकाच टपालाच्या वाटेवर येऊन पोचला होता.

तोंडाने असे प्रश्न विचारणाऱ्या माणसाला पुढील काळ सोसणारा नव्हता. पॉल रोबसन यांच्या 'फ्रीडम' या मासिकाशी आणि डाव्या विचारांच्या मंडळींशी हॅरिंग्टन यांचा संबंध होता, आणि १९५० च्या दशकारंभी अमेरिकेत अशा माणसांची चौकशी होणे नित्याचे झाले होते. लष्करी गुप्तवार्ता खात्यातील एका ओळखीच्या माणसाने सावध केल्यावर ते पॅरिसला निघून गेले. तूर्नों या कॅफेत रिचर्ड राइट, चेस्टर हाइम्स आदी स्वेच्छेने परागंदा झालेले कृष्णवर्णीय लेखक जमत. त्या बैठकीचे ते प्राण होते. राइट हे तर त्यांचे जिवलग. पॅरिसमधल्या या वर्षांविषयी पुष्कळ रंगतदार लिहिले गेले आहे. त्यात येथे शिरत नाही. आपल्या विषयापुरती महत्त्वाची गोष्ट ही, की १९५४ चा निकाल लागला तेव्हा आणि १९५७ मध्ये लिटल रॉकचा प्रसंग घडला तेव्हा हॅरिंग्टन समुद्रापलीकडे होते, आणि त्यांची चित्रे टपालाने पिट्सबर्ग व शिकागोला जात होती.

लिटल रॉक ही आर्कान्सा राज्याची राजधानी. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ च्या दुसऱ्या आदेशात अंमलबजावणीसाठी मुदत न घालता ती विचारपूर्वक त्वरेने व्हावी एवढेच म्हटले होते, आणि दक्षिणेतील राज्यांनी त्यातला विचार तेवढा उचलून त्वरा बाजूला ठेवली. सप्टेंबर १९५७ मध्ये नऊ काळी मुले सेंट्रल हायस्कुलात प्रवेश घेणार होती. राज्यपाल ऑर्व्हल फॉबस यांनी त्यांना अडविण्यासाठी राज्याचे सैनिक उभे केले; बाहेर गोऱ्या जमावाने गराडा घातला. अखेर अध्यक्ष आयझेनहॉवर यांना १०१ वी हवाई तुकडी पाठवावी लागली. २५ सप्टेंबरला संगिनी लावलेल्या सैनिकांच्या पहाऱ्यात ती नऊ मुले शाळेच्या पायऱ्या चढली. हजारावर छत्रीधारी सैनिक, आणि काम नऊ मुलांना वर्गापर्यंत पोचविण्याचे.

या वातावरणातून हॅरिंग्टन यांचे सर्वांत गाजलेले व्यंगचित्र आले. ते १९५८ मध्ये निघालेल्या 'बूट्सी अँड अदर्स' या त्यांच्या संग्रहात आहे. ह्यूज यांची प्रस्तावना आहे ती याच संग्रहाला. चित्रात एक सेनापती हाताखालच्या सेनापतींना लढाईचा बेत समजावून देत आहे. एकाने रणगाडे घेऊन अमुक गावावर हल्ल्याची हूल द्यावयाची, दुसऱ्याने परगण्याचे मुख्य ठाणे गाठावयाचे. आणि त्या गोंधळात पायदळ चिमुकल्या ल्यूथरला शाळेत नेऊन पोचविण्याचा प्रयत्न करील. सेनापतींची आणि गावांची नावेही मजेदार आहेत. एका गावाचे नाव तर जमावाने माणसे मारण्याच्या प्रथेवरूनच बेतलेले आहे.

चित्र सात-आठ ओळींत सांगून झाले. वर्गात मात्र त्यावर एक तास पुरत नाही, असा माझा समज आहे. मूल आधी हसते ते बेताच्या अवाढव्यपणाला. मग त्याला विचारावे, की सेनापती मूर्ख आहे काय? नाही, तो आपले काम चोख करीत आहे. मग मूर्ख कोण? ज्या गावात मुलाला शाळेत पोचविण्यासाठी रणगाडे लागतात ते गाव. पण ते गाव चित्रात कोठेही दिसत नाही. येथवर आले म्हणजे वर्ग गप्प होतो. आणखी एक बारकावा आहे. त्या बेतातला शब्द प्रयत्नाचा आहे, यशाचा नाही. एवढी फौज असूनही ल्यूथर वर्गात पोचेल याची सेनापतीला खात्री नाही. लिटल रॉकमध्ये पुढे घडले तेही असेच: १९५८-५९ या वर्षी एकत्रीकरण टाळण्यासाठी तेथील सरकारी हायस्कुले बंदच ठेवली गेली.

आणि ल्यूथर पोचला, तर आत काय? या प्रश्नाचे उत्तर व्यंगचित्रकाराला बालपणीच मिळाले होते. त्याच्या शाळेच्या दारावर पहारा नव्हता, जमाव नव्हता. दार उघडे होते. टोपली आतच होती. गोऱ्या व्यंगचित्रकारांची त्या काळची चांगली चित्रे बहुधा शाळेच्या दाराशी थांबतात, कारण न्याय दाराशी अडला आहे असे त्यांना वाटे. हॅरिंग्टन मुलाच्या उंचीवरून पाहतात. त्यांचे १९६३ मधील आणखी एक चित्र अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. शाळेच्या वाटेवर काय वाढून ठेवले आहे हे पाहून त्यातले काळे मूल म्हणते, की आपल्याला शिकावयाचे आहे की नाही याबद्दल आता तितकीशी खात्री वाटत नाही. त्या वर्षी जूनमध्ये अलाबामाचे राज्यपाल विद्यापीठाच्या दारात स्वतः आडवे उभे राहिले होते, आणि सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये झालेल्या बाँबस्फोटात चार मुली ठार झाल्या होत्या. वीरत्वाच्या गोष्टी सांगणाऱ्या पाठ्यपुस्तकांत या मुलाला जागा मिळत नाही. शूर मुलांची छायाचित्रे आपण पाहतो. मागे फिरलेल्यांची कोण काढणार? त्यांच्यापैकी एकाला हॅरिंग्टन यांनी बोलू दिले.

व्यंगचित्र वर्गात नेताना शिक्षकाने सावध असावे, हा धडा आपल्या देशालाही मिळालेला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ मधील एक व्यंगचित्र होते: राज्यघटनेच्या गोगलगायीवर आंबेडकर बसले आहेत, हाती चाबूक आहे, आणि नेहरूही चाबूक उगारून मागे उभे आहेत. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत मोठा गदारोळ झाला; पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली, आणि चित्र वगळावयाचे ठरले. मोडतोडीचे समर्थन होऊ शकत नाही, आणि पुस्तक करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता याविषयी मला शंका नाही. शंकर यांचा रोख घटना तयार होण्यास लागलेल्या वेळावर होता. पण दलित विद्यार्थी त्या वर्गात बसला असेल, शेजारचा मुलगा हसला असेल, तर तो हशा कोणावर पडतो, हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. चित्र काढून टाकल्याने तो सुटला नाही. चित्र ठेवून शिक्षकाने तो वर्गात उघड विचारावयास हवा होता. हॅरिंग्टन यांची चित्रे वर्गात अधिक निर्धास्तपणे नेता येतात असे मला वाटते, कारण हशा कोणावर पडतो याचा विचार त्यांनी वयाच्या अकरा-बाराव्या वर्षापासून केला होता.

१९६० मध्ये रिचर्ड राइट यांचा अकस्मात मृत्यू झाला आणि पॅरिसमधले मन उडाले. पुढील वर्षी अमेरिकन साहित्यातील अभिजात ग्रंथांसाठी चित्रे काढून देण्याचे निमंत्रण आले म्हणून हॅरिंग्टन पूर्व बर्लिनला गेले. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, आणि ते पलीकडेच राहिले. तेथेच त्यांनी संसार मांडला. 'ऑयलेनश्पीगल' या विनोदी साप्ताहिकासाठी आणि न्यूयॉर्कच्या साम्यवादी दैनिकासाठी ते चित्रे काढीत राहिले. अमेरिकेतील दारिद्र्य, व्हिएतनामचे युद्ध, दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेष हे त्यांचे विषय. रेषा पूर्वीइतकीच जोरकस. मात्र या काळातील चित्रांत काहीतरी हरवल्यासारखे वाटते. बूट्सीच्या चित्रात हसणारा आणि हसविला जाणारा एकाच गल्लीत राहत असत. बर्लिनमधून काढलेल्या चित्रांत शत्रू फार दूर आणि फार स्पष्ट आहे. घराजवळच्या भिंतीवर चित्र काढून छापून आणणे तेथे शक्यच नव्हते. आणि ज्याने महान्यायवाद्याला भर सभेत प्रश्न विचारला, त्याच्याकडून तो प्रश्न येथेही विचारला जावा अशी वाचकाची अपेक्षा असते. ती पुरी होत नाही. त्यांच्या चाहत्यांनी हे मान्य करावे.

१९७२ मध्ये, वीस वर्षांनंतर, त्यांनी न्यूयॉर्कला धावती भेट दिली. भिंत पडल्यानंतर अमेरिकेतील विद्यापीठे त्यांना बोलावू लागली. १९९३ साली प्रा. टॉमस इंज यांनी संपादित केलेली दोन पुस्तके निघाली: एकात त्यांची व्यंगचित्रे, दुसऱ्यात त्यांचे निबंध. केराच्या टोपलीची हकीगत या निबंधांत आहे. दोन्ही पुस्तके युनिव्हर्सिटी प्रेस ऑफ मिसिसिपीने प्रसिद्ध केली. ही प्रकाशनसंस्था त्या राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांनी मिळून चालविलेली आहे, आणि त्यांत ऑक्सफर्ड गावचे ते विद्यापीठही येते, जेथे १९६२ च्या सप्टेंबरअखेर जेम्स मेरेडिथ या एका काळ्या विद्यार्थ्याचे नाव पटावर चढविण्यासाठी हजारो सैनिक पाठवावे लागले आणि एका रात्रीच्या दंगलीत दोन माणसे मेली. ल्यूथरच्या लढाईचा तो बेत हॅरिंग्टन यांनी त्याच्या चार वर्षे आधी चितारला होता.

पुस्तके हाती आल्यावर हॅरिंग्टन दोन वर्षे जगले. २ नोव्हेंबर १९९५ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.